पुठ्ठ्याचा पियानो आणि दोऱ्यांचा रोबो: गेम कन्सोलसाठी स्वतः जोडायची किट्स खपतात का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सुट्ट्यांमध्ये मी पुण्यात मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेते. पुठ्ठा, सुतळी, रबरबँड आणि फेविकॉल एवढंच भांडवल. २०१८ च्या जुलैत न्यू जर्सीहून बहीण आली, ती भाच्याचं 'निन्टेन्डो लाबो'चं किट घेऊन. वर्गातल्या मुलांनी ते पाहिलं, घरी जाऊन सांगितलं आणि तेव्हापासून पालक विचारत असतात. अधूनमधून असंच काहीतरी बाजारात आणू पाहणारी तरुण मंडळीही येतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

लाबो म्हणजे नेमकं काय?

निन्टेन्डो या जपानी कंपनीने २०१७ च्या मार्चमध्ये 'स्विच' नावाचा गेम कन्सोल काढला. मधे पडदा, दोन बाजूंना निघणारे दोन छोटे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन. पुढच्या वर्षी, २० एप्रिल २०१८ ला, जपान आणि अमेरिकेत त्याच्यासाठी लाबो आलं. पेटीत गेमचं कार्ट्रिज आणि बाकी बहुतेक छापील, कापलेले, घडीच्या रेघा पाडलेले पुठ्ठ्याचे ताव. ताव मोकळे करायचे, दुमडायचे, खाचेत अडकवायचे आणि त्यात जॉय-कॉन बसवायचे.

पहिल्या 'व्हरायटी किट'मध्ये थरथरत चालणाऱ्या दोन गाड्या, मासेमारीची गळकाठी, घर, मोटरसायकलचं हँडल आणि पियानो होता. 'रोबो किट'मध्ये पाठीवर घ्यायचं दप्तर आणि हातापायांना बांधायच्या दोऱ्या. त्याच सप्टेंबरात गाडी-विमान-पाणबुडीचं वाहनांचं किट आलं, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या, गॉगलचं. पाचवं किट आलं नाही.

पुठ्ठ्याचे पैसे इतके?

हा प्रश्न किंमत ऐकल्यावर आई विचारते, बाबा नुसतं हसतात. व्हरायटी किट ७० डॉलरला होतं, रोबो ८० ला. डॉलर तेव्हा पासष्ट-सहासष्ट रुपयांच्या घरात होता, म्हणजे साडेचार ते सव्वापाच हजार. शिवाय कन्सोल हवाच, तो तीनशे डॉलरचा.

खरं सांगायचं तर पैसे पुठ्ठ्याचे नव्हतेच. ते होते कार्ट्रिजमधल्या सॉफ्टवेअरचे आणि त्या तावांमागच्या डोक्याचे. मी आयुष्यभर पुठ्ठा कापत आले, पण इतकी नेमकी घडी पाहिली नव्हती. मोकळा करताना एक तुकडा फाटला नाही, कुठे कात्री लागली नाही, डिंकाचा थेंब लागला नाही. पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याला दिसतो पेटीवरचा पुठ्ठ्याचा फोटो. खपाची निम्मी गोष्ट तिथेच ठरते.

बॅटरी नाही, मोटर नाही, मग पुठ्ठा चालतो कसा? पियानो वाजतो कसा?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

गाडी घ्या. एकच ताव, दहा मिनिटांत तयार. दोन्ही बाजूंना जॉय-कॉन खोचायचे. त्यांच्यात कंपनाची यंत्रणा असते, एरवी गेममध्ये गोळी लागली की हाताला जाणवते तीच. पडद्यावरचं बटण दाबलं की एका बाजूचं कंपन वाढतं आणि गाडी पुठ्ठ्याच्या पायांवर थरथरत दुसऱ्या बाजूला वळते. झुरळाला पाठीवर मोबाईल बांधला तर जसं चालेल, तसं.

पियानोची गंमत वेगळी आहे. उजव्या जॉय-कॉनच्या तळाशी एक इन्फ्रारेड कॅमेरा असतो. तो पियानोच्या पाठीत बसतो आणि आतल्या अंधाराकडे बघत राहतो. तेराही पट्ट्यांच्या मागच्या टोकाला चमकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवलेला असतो. पट्टी दाबली की तिचं मागचं टोक वर उचलतं, टेप कॅमेऱ्यासमोर येते आणि सॉफ्टवेअरला कळतं की अमुक सूर वाजवायचा आहे. स्वर पडद्यातून येतो. वर बसवायच्या पुठ्ठ्याच्या खुंट्या बदलल्या की पियानोऐवजी मांजर ओरडतं. भाच्याने 'सा रे ग म' मांजराच्या आवाजात वाजवलं तेव्हा आमची आई देवघरातून उठून बाहेर आली.

रोबोच्या दप्तरातही तीच युक्ती. हात उचलला की दोरी ओढली जाते, आतलं पुठ्ठ्याचं वजन वर सरकतं, त्यावरची टेप कॅमेऱ्याला दिसते आणि पडद्यावरचा रोबो ठोसा मारतो.

गळकाठीत कॅमेराही लागत नाही. एक जॉय-कॉन दांडीत, एक रिळाच्या मुठीत, दोघांतले सेन्सर हालचाल ओळखतात. रीळ फिरवताना जो कर्रर्र आवाज येतो तो मात्र खऱ्या पुठ्ठ्याच्या जिभेचा. ती जीभ नसती तरी गेम चालला असता. पण ज्याने ती ठेवली, त्याला खेळणं म्हणजे काय हे कळत होतं.

मग खपलं की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही, दोन वाक्यांत सांगते. पहिल्या धक्क्याला खपलं. दुसऱ्या खेपेला नाही.

३० जून २०१८ पर्यंत, म्हणजे साधारण दहा आठवड्यांत, पहिली दोन किट्स मिळून १३ लाख ९० हजार विकली गेली. खेळण्याच्या दुकानाच्या हिशेबाने हा आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्याच तारखेपर्यंत स्विच कन्सोल विकले गेले होते १ कोटी ९६ लाखांच्या वर. म्हणजे चौदा कन्सोलांमागे एक पेटी, तीही दोन्ही किट्स एकत्र मोजून.

पुढचं चित्र दुकानांच्या फळ्यांवर दिसलं. ७०-८० डॉलरच्या पेट्या पुढच्या वर्षांत अमेरिकेत वीस डॉलरच्या आसपास काढून टाकल्या जात होत्या. निन्टेन्डोचे नेहमीचे गेम वर्षानुवर्षं मूळ किमतीला विकले जातात, त्यामुळे ही सूट बोलकी होती.

चांगलं होतं तर थांबलं का?

लोक म्हणतात पुठ्ठा होता म्हणून. मला ते अर्धवट वाटतं.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. पियानो जोडायला भाच्याला आणि मला तीन तास लागले, मधे एकदा भजी झाली. पडद्यावरच्या सूचना अफलातून होत्या. आकृती बोटाने फिरवून मागून पाहता येते, घाई असेल तर पुढे पळवता येते, आणि मधेच "आता थोडी विश्रांती घ्या" म्हणणारा मिश्कील आवाज. ते तीन तास त्या सुट्टीतले सगळ्यात छान तीन तास होते. नंतर पियानो वाजला अर्धा तास. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर ओला टॉवेल होता.

दिवाळीतला किल्ला आठवा. चार दिवस माती, पोती, विटा, अळीव पेरणं, भांडणं. किल्ला पूर्ण झाला, मावळे मांडले, शिवाजी महाराज सिंहासनावर बसले की पोरं दुसऱ्याचा किल्ला बघायला पळतात. कुणी किल्ल्याशी 'खेळत' बसत नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते, कारण माती फुकट असते. लाबोचा आनंदही बनवण्यात होता आणि तो बनवताना संपत होता. फरक इतकाच की इथे मातीला साडेचार हजार मोजले होते. पुढच्या किल्ल्याला पुन्हा तितकेच मोजायला आईबाप तयार झाले नाहीत.

दुसरं कारण जागेचं. पियानो, घर, हँडल, गळकाठी बांधून झाल्यावर ठेवायची कुठे? पुण्यातल्या टू-बीएचकेत तर सोडाच, बहिणीच्या न्यू जर्सीच्या घरातही ती बेसमेंटमध्येच गेली असती. ताव सपाट येतात, पण एकदा दुमडलेलं परत सपाट होत नाही.

तिसरं कारण मला उशिरा कळलं. पेटी कुणासाठी आहे हेच दुकानात नीट कळत नव्हतं. वर लिहिलंय सहा वर्षांपासून, पण सहा वर्षांच्या पोराला तीन तास एकट्याने पियानो जमत नाही. म्हणजे शेजारी मोठं माणूस बसायला हवं. आणि ज्याने मूल जरा गुंतावं म्हणून कन्सोल घेतला, त्या माणसाला नेमकं शेजारीच बसायचं नव्हतं.

त्यात कोडिंग शिकवत होते ना? त्यासाठी तरी लोकांनी घेतलं असेल.

होतं, आणि माझ्या मते पेटीतलं तेच सर्वात मौल्यवान होतं. नाव 'टॉय-कॉन गराज'. "हे झालं तर ते कर" अशा ठोकळ्यांना रेषांनी जोडायचं. जॉय-कॉन हलला की आवाज, टेप दिसली की कंपन. दहा वर्षांच्या मुलीने चपलांच्या खोक्यातून घरफोडी पकडणारी घंटा बनवावी इतकं सोपं.

पण ते मेन्यूच्या मागच्या कोपऱ्यात, जमिनीतल्या झाकणाखाली लपवून ठेवलं होतं. शोधणाऱ्याला मजा, हे खरं. मात्र दुकानात पेटी हातात घेऊन उभ्या असलेल्या पालकाला ते झाकण दिसायचा संबंधच नव्हता. तोच विचार २०२१ च्या जूनमध्ये 'गेम बिल्डर गराज' या वेगळ्या गेममध्ये आला, पुठ्ठ्याशिवाय आणि तीस डॉलरला.

शाळांकडेही प्रयत्न झाला. २०१८ च्या शेवटी अमेरिकेत निन्टेन्डो आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्ले या संस्थेने मिळून आठ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत लाबो नेलं. एक किट तीस मुलांत फिरलं तर किंमत अंगावर येत नाही. किट मुळातच वर्गासाठी विकलं असतं तर काय झालं असतं, हा माझा आवडता रिकामा वेळ घालवायचा विषय आहे.

याआधी कुणी असे प्रयोग केले होते का?

निन्टेन्डोनेच केले होते. कंपनी १८८९ ची, क्योतोमधली, सुरुवात हानाफुदा पत्त्यांची. १९६६ मध्ये त्यांच्या पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळणाऱ्या गुनपेई योकोई यांनी फावल्या वेळात लांब होणारा पंजा बनवला. मालकांनी तो 'अल्ट्रा हँड' नावाने विकला, दहा लाखांहून जास्त गेले. १९८५ मध्ये गेम मशीनसोबत 'रॉब' नावाचा छोटा रोबो आला. त्याच्यासाठी गेम निघाले फक्त दोन. पण अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार नुकताच कोसळला होता, दुकानदार कन्सोल ठेवायला धजत नव्हते, आणि रोबोमुळे यंत्र 'खेळणं' म्हणून दुकानात शिरलं. रॉब स्वतः फारसा उपयोगाचा नव्हता, त्याने दार उघडून दिलं.

दुसऱ्या कंपन्यांच्या कहाण्या जास्त उदास आहेत. २०११ मध्ये 'स्कायलँडर्स'ने बाहुली चबुतऱ्यावर ठेवून गेममध्ये आणायची युक्ती लोकप्रिय केली आणि बक्कळ कमावलं. मग 'डिस्ने इन्फिनिटी' आलं, ते २०१६ मध्ये बंद. 'लेगो डायमेन्शन्स' २०१५ ला आलं, २०१७ ला थांबलं. लाबोच्याच वर्षी युबिसॉफ्टचं 'स्टारलिंक' आलं, त्यात कंट्रोलरवर बसवलेल्या विमानाला पंख आणि तोफा आपण जोडायच्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने सांगितलं की नवी खेळणी काढणार नाही. या सगळ्यांच्याही आधी संगीताच्या गेमसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या गिटारींचा पूर येऊन ओसरला होता.

सगळ्यांत एकच चाल दिसते. पहिली पेटी कुतूहलाने जाते. दुकानदार त्या जोरावर दुसरी भरून ठेवतो आणि ती अंगावर पडते.

मग 'रिंग फिट' इतकं कसं खपलं? तेही कन्सोलला जोडायचंच की.

बरोबर धरलंत. निन्टेन्डोचंच ते व्यायामाच्या गेमचं किट, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, किंमत ८० डॉलर, रोबो किटएवढीच. आत प्लास्टिकचं एक कडं आणि मांडीला बांधायचा पट्टा. दीड कोटींच्या वर गेलं.

त्यात बनवायचं काहीच नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी परत उचलायचं कारण होतं. पोट. मोठ्या माणसाने स्वतःसाठी घेतलं. वर २०२० ची टाळेबंदी आली, जिम बंद झाल्या, आणि दुकानांत ते मिळेनासं झालं. गंमत म्हणजे नाडीचे ठोके मोजायला ते जॉय-कॉनचा तोच इन्फ्रारेड कॅमेरा वापरतं, ज्याने आमचा मांजर-पियानो वाजवला होता.

पावसाळ्यात टिकतं का?

नाही. आमचं किट जुलैत उघडलं. आठवडाभरात पियानोच्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासायला लागल्या, दाबलेली वर येईना. इस्त्री अगदी मंद ठेवून, वर सुती कापड टाकून शेकल्या, दोन दिवस बरं चाललं. गळकाठीचे रबरबँड चिकट झाले. कोकणात असाल तर विचारूच नका. सुटे ताव कंपनी विकत असे, पण इथे मागवायचे कुठून?

भारतात मिळत होतं का? इथे चाललं असतं का?

निन्टेन्डोचं भारतात अधिकृत विक्रीचं जाळं नाही. कन्सोल येतात ते आयात करणाऱ्या दुकानदारांकडून किंवा परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून. पण लाबोची पेटी बॅगेत मावत नाही, ही साधी अडचण आहे. बहिणीने पेटी फेकून ताव कपड्यांमध्ये सपाट रचून आणले होते. मी एकदा इथल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दुसरं किट मागवलं. पुठ्ठे आले, कार्ट्रिज आलंच नाही. परत घेण्यावरून महिनाभर फोनाफोनी झाली.

चाललं असतं का, याचं उत्तर मला पुण्यातच दिसतं. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि जुन्या बाटल्यांतून खेळणी करून दाखवली आणि कृती फुकट वाटल्या. योगायोग असा की लाबोची घोषणा झाली ती जानेवारी २०१८ मध्ये आणि गुप्तांना पद्मश्री जाहीर झाली तीही त्याच महिन्यात. ज्या गावात रद्दीतून मोटर बनते, तिथे पुठ्ठ्याला पाच हजार मागणाऱ्याने जरा जपूनच बोलावं.

आम्ही असंच किट काढतोय, मराठीत, शाळेतल्या मुलांसाठी. काय सांगाल?

आधी मला एक नमुना द्या, मुलांसमोर ठेवते. मग बोलू.

तरी सांगते. कन्सोलच्या भरवशावर राहू नका, घरोघरी असलेला फोन वापरा. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा काढला, आराखडा फुकट दिला, तो दीड कोटींच्या घरात पोचला. सगळी मजा जोडण्यात संपवू नका, जोडून झालेल्या वस्तूला दुसऱ्या आठवड्यात काहीतरी नवं करता आलं पाहिजे. सगळ्यात आधी फाटणारा तुकडा कोणता हे शोधा आणि तो पेटीत दोनदा घाला. तीन पदरी पुठ्ठ्याला ओल लागते, निदान पट्ट्या आणि मुठी तरी लॅमिनेट करून घ्या. पहिली खेप संपली म्हणून लगेच पाचपट माल छापू नका. डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, करून देणारा तुम्हाला तसा आग्रह करेल, कारण संख्या वाढली की त्याचा नग स्वस्त पडतो. पडून राहिलेला माल त्याच्या गोदामात नसतो, तुमच्या पलंगाखाली असतो.

आता जुनं किट स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

तुमच्याकडे मूळ स्विच असेल, जॉय-कॉन निघणारे असतील, तर जरूर घ्या, पण कार्ट्रिज आहे का ते आधी पाहा. स्विच लाइट या लहान आवृत्तीचे कंट्रोलर निघतच नाहीत, त्यामुळे तो बाद. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ चा पडदा ७.९ इंचांचा, जुना ६.२ चा, म्हणून पुठ्ठ्याच्या खाचेत तो बसत नाही, आणि नव्या जॉय-कॉनमध्ये इन्फ्रारेड कॅमेराच काढून टाकलाय.

म्हणजे पुठ्ठा कायमचा संपला?

निन्टेन्डोच्या बाबतीत असं कधी म्हणू नये. १९९५ मध्ये सपाटून आपटलेल्या त्यांच्या 'व्हर्च्युअल बॉय' या डोळे लावून बघायच्या यंत्राचे गेम स्विचवर आणायची घोषणा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाली. बघायला दोन उपकरणं, एक प्लास्टिकचं शंभर डॉलरचं. दुसरं पंचवीसचं, पुठ्ठ्याचं.

तुमच्या भाच्याचं किट आता कुठे आहे?

पियानो ओल लागून गेला. घराच्या खोक्यात आई वाती ठेवते. गळकाठी मी वर्गात नेली, दोरी आणि रीळ अजून शाबूत आहे, फक्त टोकाला गळ म्हणून चुंबक बांधलाय. मुलं खाली पसरलेल्या लोखंडी वस्तू चुंबकाने पकडतात. कन्सोल लागत नाही. कर्रर्र आवाज तेवढा अजून येतो, आणि नवीन आलेलं प्रत्येक मूल आधी रीळ फिरवून तोच ऐकतं.